पुउलामाचे चोर

१२ सप्टेंबर

चर्चहून परतताना निदान घराच्या फाटकापर्यंत तरी फादरचं प्रवचन डोक्यात राहावं, असा माझा नेम आहे. आज वळणावर नवा फलक दिसला आणि प्रवचन गेलं ते गेलंच. फलकावर सूर्यास्त, नारळ, एक लाकडी पिंप आणि खाली हातभर अक्षरं : ‘रम हिल. तुमच्या स्वप्नातलं घर.’

रम हिल म्हणजे आमच्या मागची टेकडी. पुउलामा. क्लॅरेन्सशी लग्न करून या घरात आले तेव्हापासून स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी ती बघते आहे. माझी कॉफीची रोपं संपतात तिथे कुंपण, कुंपणापलीकडे टेकडी. मालक म्हणे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची कुठलीशी कंपनी. आजवर तिथे बकऱ्यांशिवाय कोणी फिरकलेलं नाही. बकऱ्या आणि चोर. आता तिथे बंगले होणार, आणि त्यांना नाव दारूचं. चर्चच्या डोक्यावर.

फलकाखालच्या डबीत माहितीपत्रकं होती. एक उचललं. कंपनीच्या कुणा इतिहासकाराने शोध लावलाय की हवाईयन भाषेत ‘पुउ’ म्हणजे टेकडी, ‘लामा’ म्हणजे रम, आणि जुन्या काळचे खलाशी इथे पिंपं लपवून ठेवत. चीड याची की त्यातला शब्द खरा आहे. माझे आजोबा रमला लामाच म्हणत. घरातली हवाईयन भाषा सिस्टर बेनेडिक्टांनी कॉन्व्हेंटात माझ्या डोक्यातून घासून काढली. त्यातून जे काही शब्द उरले, त्यांत हा एक आहे.

उद्या कंपनीच्या कचेरीत जाणार. तीस वर्षं आमच्या कोना जिल्ह्याच्या कोर्टात लघुलेखिका म्हणून बसले. लोक शपथेवर खोटं बोलत आणि मी ते निमूटपणे टिपून घेत असे. आता निवृत्त झालेय. निमूट बसण्याचा पगार कोणी देत नाही.

१३ सप्टेंबर

गेले. साहेबाचं नाव पेनरोझ, वय माझ्या कोर्टातल्या टाइपरायटरएवढं असेल. मी सुचवलं, नाव बदला, एखाद्या संताचं द्या. त्याने सगळं शांतपणे ऐकलं, फार कौतुक केलं, आणि निघताना मला एक टोपी दिली. टोपीवर पिंप.

टोपी बुजगावण्याला घातली. कॉफीवर पाखरं फार आहेत.

१९ सप्टेंबर

नोहेआ आली होती. क्लॅरेन्सच्या धाकट्या बहिणीची मुलगी, सरकारी वनखात्यात झाडं मोजते. तिच्यापुढे पत्रक टाकलं आणि माझं सगळं गाऱ्हाणं सांगितलं. पोरगी हसायला लागली ती थांबेना. शेवटी डोळे पुसून म्हणाली, “आंटी, लामा म्हणजे झाड. रम नंतर आली, जहाजातून. तिला म्हणायचं कसं ते आपल्या लोकांना येईना, म्हणून तिलाही लामाच म्हणायला लागले. टेकडी त्याच्या कितीतरी आधीची.”

कसलं झाड, तर दुकानात माउई बेटावरची गोड पर्सिमॉन फळं येतात त्यांचं रानातलं भावंड. टेंभुर्णीच्या कुळातलं. जगात फक्त आपल्या बेटांवर उगवतं. मी म्हटलं, असं झाड आमच्या मागे असतं तर मला दिसलं नसतं का? ती खिडकीशी गेली आणि बोट दाखवलं. काळ्या सालीची ती वेडीवाकडी झाडं मी रोज बघते. त्यांना मी ‘काळी झाडं’ म्हणते.

म्हणजे मी दारूबंदीसाठी पदर खोचला होता आणि भांडण झाडाचं निघालं. चालेल. भांडण वाया गेलेलं मला आवडत नाही.

२० सप्टेंबर

आज टेकडीवर जाऊन आले. गुडघे ठणकताहेत आणि मला काही वाटत नाहीये.

कुंपणापलीकडे आधी ते मेलं झुपकेदार गवत. बाहेरून कोणीतरी बागेच्या शोभेसाठी आणलेलं, आता अर्धं कोना त्याने गिळलंय आणि दर उन्हाळ्यात तेच पेटतं. मग धारदार लाव्हाचा पट्टा. एकेक दगड पायाखाली काचेसारखा फुटतो. मी नोहेआला म्हटलं, यापुढे बकरीसुद्धा येणार नाही. ती म्हणाली, तेच तर. लाव्हा आला तेव्हा टेकडीचा वरचा भाग सोडून दोन्ही बाजूंनी वाहून गेला. मध्ये जुन्या मातीचं बेट राहिलं, त्याला किपुका म्हणतात.

त्या बेटावर पाय ठेवला आणि सावली लागली. कोनातल्या या रखरखीत उतारावर सावली. बुंधे कोळशासारखे काळे, आणि त्यांवर फुटलेली पालवी अशी गुलाबी की बोहल्यावर चढलेल्या नवरीने गालाला लावावी. मला ही पालवी खालून कधी दिसलीच नव्हती. फळं अंगठ्याएवढी, केशरी, प्रत्येकाला खालून टोपीसारखी वाटी. मी एक तोंडात टाकलं. कच्चं निघालं. जीभ, टाळा, गाल, सगळं एका क्षणात गोळा होऊन घशाशी आलं. नोहेआ म्हणाली, “चला, आंटी गप्प बसली. याची नोंद खात्यात करायला हवी.” मला उत्तर देता येईना. मग तिने पिकलेलं शोधून दिलं. खजुरासारखं गोड.

पण ती खरी वेडी झाली ती खाली बघून. जमिनीवर गुडघे टेकून पालापाचोळा बाजूला करत होती. बोटाएवढी रोपं, कोवळी, तांबूस. इथे एक, तिथे एक, मग एकदम झुंबड. तिने सांगितलं की बेटावर लामाची झाडं अजून पुष्कळ आहेत, पण सगळी म्हातारी. बिया उंदीर खातात, उगवलंच तर बकऱ्या खातात, उरलंसुरलं गवत गुदमरवतं. म्हाताऱ्यांचं गाव, एकही पाळणा हलत नाही. आणि इथे पाळणेच पाळणे. नर झाड वेगळं, मादी वेगळं, इथे दोन्ही पुरेशी आहेत. “आंटी, असं ठिकाण मी नोकरीत पहिल्यांदा बघतेय,” म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

मीही नाक पुसलं. गवताचे परागकण, दुसरं काही नाही.

पेनरोझचा रस्ता नकाशावर बरोबर या पाळणाघरातून जातो.

२२ सप्टेंबर

फोनवर नोहेआशी भांडण. म्हणजे तिच्याशी नव्हे, सरकारशी, पण फोनवर ती होती.

लामा धोक्यातल्या झाडांच्या यादीत नाही. का, तर अजून पुष्कळ आहेत. कोरड्या जंगलाचे दहातले नऊ हिस्से गेले तरी हे झाड इकडेतिकडे उभं आहे, म्हणून ‘धोका नाही’. पाळणे हलत नाहीत हे यादीला दिसत नाही. यादी मोजते ती उभी असलेली झाडं. मी म्हटलं, मग माझंही तसंच म्हणा. मी उभी आहे, म्हणून आमचं घराणं सुखरूप. मी आणि क्लॅरेन्स दोघंच होतो, आता मी एकटी, हे तिला ठाऊक आहे.

असो. यादीत नसलेलं झाड कायद्याने वाचत नाही. नियोजन मंडळाची सुनावणी नोव्हेंबरात, त्यानंतर बुलडोझर.

एकच फट आहे. आपल्या राज्यघटनेत लिहिलंय की हवाईयन लोक जुन्या रिवाजाप्रमाणे रानातून काही आणत असतील, पानं, लाकूड, फुलं, तर तो हक्क जमीनमालकालाही मोडता येत नाही. पण रिवाज चालू हवा. आजही कोणीतरी पुउलामावर जात असलं पाहिजे, आणि कोणीतरी उभं राहून तसं सांगितलं पाहिजे.

कोण जातं तिथे? मी एवढी वर्षं खिडकीत आहे. कोणी जात नाही. चोर सोडले तर.

२८ सप्टेंबर

चोर आला. पहाटे कुत्रं भुंकलं आणि कुंपणाची तार वाजली. मी बाहेर येईपर्यंत गवतात पाठ दिसली, रुंद. ओरडले. थांबला नाही, वळला नाही. माझ्या तीन कॉफीच्या फांद्या मोडून गेला, फळं लागलेल्या.

दरवर्षी याच सुमाराला येतात हे मेले. आणि आता झाडंच वाचवायची असताना यांनी फांद्या तोडून न्याव्यात, म्हणजे कमालच झाली.

शेजारच्या अब्नरला सांगितलं. तो पूर्वी ट्रक चालवायचा, आता दिवसभर पोर्चमध्ये बसून वाद्यांना पॉलिश करतो. मला ‘टीटा’ म्हणतो. म्हणजे बहीण, पण अंगावर येणारी. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “जाऊ दे टीटा, दोन फांद्यांनी काय टेकडी बोडकी होणार आहे का.” मी म्हटलं, तुझी बोटं बघ, पिवळीधमक. सिगारेटने मरशील. त्याने हात खिशात घातला. नेहमी उलट बोलणारा माणूस, आज गप्प. नक्की फुप्फुसात काहीतरी निघालंय.

५ ऑक्टोबर

आठवडाभर दारोदार हिंडले. चर्चच्या सगळ्या बायकांना विचारलं, पुउलामावरून तुमच्या घरी कधी काही आणलं का? मिसेस काइलिआवांना आठवतंय की त्यांच्या आजीच्या लहानपणी आजाऱ्यासाठी लामाच्या लाकडाची झोपडी बांधत. उजाडल्यावर लाकूड तोडायचं आणि मावळायच्या आत झोपडी उभी. पण ती कुठे, कोणत्या टेकडीवरच्या लाकडाची, ठाऊक नाही. बाकीच्यांनी मला खायला घातलं. गोड पाव, अळूच्या कंदाची पोई, पुन्हा गोड पाव. पुरावा शून्य, वजन वाढलं.

दोघीतिघी मात्र माझा प्रश्न ऐकून एकमेकींकडे बघायच्या आणि वेल्माकडे जा म्हणायच्या.

वेल्माकडे मी जाणार नाही. कॉन्व्हेंटात आम्ही एका बाकावर होतो. ती शाळा सोडून हुला शिकायला गेली, आता स्वतःची नाचाची शाळा आहे, मोठी कुमू म्हणजे गुरू झाली आहे. क्लॅरेन्सच्या एका वाढदिवसाला सगळ्यांदेखत माझ्याबद्दल म्हणाली होती, मीना चालते ना, तेव्हा टाइपरायटर चालतोय असं वाटतं.

१० ऑक्टोबर

सापळा लावला. कुंपणाला दोरी, दोरीला रिकामे डबे. अब्नरला म्हटलं, पहाटे माझ्याबरोबर पहाऱ्याला बस. तो लगेच तयार झाला, फुप्फुसाचं असूनही. थर्मासभर कॉफी संपवली, मला ट्रकच्या जुन्या गोष्टी सांगितल्या. मी म्हटलं, चोर आज आला तर? म्हणाला, “मी इथे बसलोय ना टीटा, मग नाही यायचा. पैजेवर सांगतो.”

खरंच आला नाही. अब्नरचा दरारा आहे म्हणायचा.

१४ ऑक्टोबर

अब्नर म्हणाला आज त्याला शहरात काम आहे. नेमका आजच चोर आला.

यावेळी मी आधीच उठून बसले होते. डबे वाजले नाहीत. दोरी कुठे आहे हे त्याला ठाऊक असल्यासारखा बरोबर वरून ओलांडून गेला. मी अंतर ठेवून मागे गेले, लाव्हाच्या कडेपर्यंत. पुढे धीर झाला नाही. पण आवाज आला. वर झाडांपाशी उभा राहून तो बडबडत होता. हळू, सुरात, मध्येच थांबून, जणू कुणाची परवानगी मागतोय. सकाळी सकाळी इतकी प्यायलेला. मला वाटलं, घ्या, रम हिलचा पहिला रहिवासी.

उतरला तेव्हा खांद्यावर रुंद हिरव्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी. मी वाटेत उभी राहिले आणि कोर्टात जज वापरायचे त्या आवाजात विचारलं, कोण तू, काय नेतोस? अंधुक उजेड, डोक्यावर टोपी पुढे ओढलेली. माझ्या बाजूने तो असा निघून गेला की मी तिथे नव्हतेच. एक शब्द नाही. चोरांनाही काही रीत असते. निदान शिव्या तरी देतात.

१८ ऑक्टोबर

नोहेआ म्हणते, तुझ्याकडे वेल्मा सोडून दुसरा दरवाजा आहे का? नाही.

उद्या जाते. टाइपरायटरसारखी चालत.

१९ ऑक्टोबर

कुठून सुरुवात करू?

वेल्माचं घर रस्त्याच्या वरच्या अंगाला. पायरीवर पोरींच्या सपातांचा ढीग, आतून ढोलाचा ठेका. मी सपाता काढून आत गेले. समोरच्या भिंतीशी हुलाचा चौथरा, पानांनी, वेलींनी मढवलेला, आणि मधोमध एक लाकडाचा ओंडका, हळदीत रंगवलेल्या सालीच्या कापडात गुंडाळलेला. वरून जेवढं लाकूड उघडं होतं तेवढ्यावर साल काळी. शेजारी ताजी फांदी. गुलाबी पालवी.

आणि खाली जमिनीवर, गळ्यात पानांची माळ, भोपळ्याचा ढोल मांडीत घेऊन, अब्नर.

मी त्याच्या हातांकडे बघितलं. शेजारी हळदीचं भांडं होतं.

मला इतक्या गोष्टी एकदम कळल्या की मी खाली बसले. ट्रकवाला. पोर्चमध्ये पॉलिश करतो ती वाद्यं. दोरीवरून ओलांडणारा. आणि मी त्याच्यासोबत थर्मास घेऊन त्याचीच वाट बघत बसले होते.

वेल्माने पोरींना बाहेर काढलं आणि मला पाणी दिलं. ती म्हातारी झाली आहे. मीही. मी म्हटलं, वेल्मा, तुझा हा माणूस माझी कॉफी तुडवतो. ती म्हणाली, कळलं होतं, तू ओरडतेस ते इथपर्यंत ऐकू येतं.

मग तिने सांगितलं. नाचाच्या देवीचं, लाकाचं, रूप म्हणून चौथऱ्यावर लामाचाच ओंडका लागतो. लामा म्हणजे मशालही, उजेडही. शिकणाऱ्या पोरींच्या डोक्यात उजेड पडावा म्हणून. कुठलंही लाकूड चालत नाही. आणि ते आणायला जाणारा माणूस वाटेत बोलत नाही. हाक मारली तरी वळत नाही. झाडाची परवानगी मागतो, लागेल तेवढंच घेतो, आणि कुठून आणलं ते कुणाला सांगत नाही. तिच्या गुरूच्या गुरूपासून पुउलामावरूनच आणतात.

मी उडालेच. म्हटलं, हाच तो रिवाज, हेच हवं होतं, सुनावणीला चला, दोघंही, सांगा एवढंच. वेल्माने मान हलवली. अब्नर चौथऱ्याकडे बघत म्हणाला, “टीटा, कुठून आणतो ते सांगायचं नाही. ते सांगून टेकडी राहिली, तर मग तिथून आणलेलं चौथऱ्यावर कोणत्या तोंडाने ठेवू?”

मी वाद घातला, नको तेवढा घातला. टेकडीच गेली तर गप्प राहून काय मिळणार, असं विचारलं. ते दोघं माझ्याकडे असे बघत होते जसं मी फादरना कबुलीजबाबातलं गुपित चारचौघांत सांगायला सांगते आहे. आणि तसं म्हटल्यावर मला कळलं. फादरना कुणी तसं सांगायला लावू शकत नाही.

बाहेर पडले आणि सपाता उलट्या पायांत घालून घरी आले.

२० ऑक्टोबर

झोप नाही. टेकडी वाचेल असं काही ज्यांना सांगता येतं ते सांगणार नाहीत. मी त्यांना दोष देऊ शकत नाही, आणि दोष देता येत नसला की माझं डोकं दुखतं.

पण आज सकाळी कपडे वाळत घालताना एक गोष्ट सुचली आणि चिमटे हातातून पडले. ते सांगू शकत नाहीत. मला कुणी शपथ घातली आहे? मी हुला नाचत नाही. मी त्यांची कोणी नाही. मी फिर्यादी आहे.

२१ ऑक्टोबर

पुन्हा वेल्माकडे. यावेळी पायरीवरच उभी राहिले. तिला विचारलं, मी तुमचं नाव घेतलं नाही, नुसती माझ्या चोराची तक्रार केली, तर तुझ्या देवीचा काही अपमान होईल का?

वेल्माच्या ओठाचा कोपरा हलला, शाळेत सिस्टरच्या पाठीमागे हलायचा तसा.

“तुझ्या चोराबद्दल तू काय बोलावंस,” ती म्हणाली, “ते मी कोण सांगणार?”

९ नोव्हेंबर

सुनावणी उद्या. निळा ड्रेस इस्त्री केला. नोहेआला सगळं सांगितलेलं नाही. तिचा चेहरा काही लपवत नाही.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या साक्षी लिहिल्या. उद्या कोणीतरी माझी लिहील.

१० नोव्हेंबर

आता लिहिते, चहा घेऊन, पाय गरम पाण्यात टाकून. सगळं लिहिणार.

हॉल भरलेला होता. कंपनीतर्फे पेनरोझ आणि एक वकील, छान कोटातला. नोहेआ रोपांबद्दल बोलली. फार चांगलं बोलली, आणि अध्यक्षबाईंनी हळहळून विचारलं, पण झाड यादीत आहे का? नाही. वकिलाने पुढे जोडलं की जागेवर कुठल्याही हवाईयन रिवाजाचा मागमूस नाही, नावसुद्धा रमवरून पडलंय. मागच्या रांगेत वेल्मा आणि अब्नर बसले होते. दोघांची तोंडं मिटलेली.

माझं नाव पुकारलं. मी म्हटलं, मी झाडासाठी आलेली नाही, चोरीची तक्रार घेऊन आलेय. अध्यक्षबाई म्हणाल्या, त्यासाठी पोलीस आहेत. पण वकिलाच्या कानावर ‘चोरी’ पडलं होतं आणि त्याचे डोळे चमकले. माझी जमीन कंपनीच्या जमिनीला लागून, म्हणजे मी त्यांच्या बाजूची, असं त्याला वाटलं. त्याने परवानगी मागून मला प्रश्न विचारायला घेतले. तो जे विचारील त्याचं खरं उत्तर द्यायचं, एवढंच मला करायचं होतं.

“म्हणजे कंपनीच्या जागेत लोक विनापरवानगी घुसतात?”

“घुसतात.”

“एखाद्या वेळी?”

“दर वर्षी. ठरलेल्या दिवसांत.”

“तुम्ही हाकलूनही?”

“हाकलूनही. माझ्या आधी माझ्या सासूबाई हाकलायच्या. त्यांचा नेम चांगला होता.”

लोक हसले. वकीलही हसला, मग विचारलं, नेतात काय? मी सांगितलं, काळ्या सालीच्या झाडाची एखादी फांदी, कधी ओंडका. फळाला हात लावत नाहीत, दुसऱ्या झाडाला नाही. तोडण्याआधी झाडाशी काहीतरी बोलतात, मला वाटायचं प्यायलेत. पानात गुंडाळून नेतात. हाक मारली तर वळत नाहीत.

म्हाताऱ्या बायका पुढे झुकल्या. वकील एकटा अजून खूश होता. त्याने मंडळाकडे वळून हात पसरला आणि म्हणाला, “पाहा, कंपनीने किती सोसलंय. हा प्रकार पिढ्यान्‌पिढ्या सलग चालत आलेला आहे, मालकाला न जुमानता, आणि आजही चालू आहे.”

नोहेआच्या हातातलं पेन पडलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. त्या बेटाच्या दक्षिणेकडच्या काउ भागातल्या, जुन्या हवाईयन घराण्यातल्या. म्हणाल्या, “वकीलसाहेब, हे जरा पुन्हा सांगाल? नोंदीसाठी.”

पेनरोझने वकिलाची बाही ओढली. तेव्हा त्याला कळलं. रंग उतरणं मी कोर्टात खूप पाहिलंय, पण असं एका दमात कानापर्यंत उतरलेलं पहिल्यांदा. त्याने घाईघाईने विचारलं, हे लोक कोण, तुम्ही ओळखता का त्यांना?

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि खोटं बोलणं मला जमत नाही. मी म्हटलं, ओळखते. नाव सांगणार नाही. तीस वर्षं कोर्टात बसले आहे, साक्षीदाराला कुठे काय सांगावं लागतं ते मला ठाऊक आहे, आणि हे कोर्ट नाही.

मागे वळून बघितलं नाही. पण कुणाचातरी पोट धरून दाबलेला खोकल्यासारखा आवाज आला, आणि तेवढा मोठा खोकला कोनात एकाच माणसाचा आहे. फुप्फुसं ठणठणीत आहेत त्याची.

खाली उतरताना नोंद घेणाऱ्या मुलीला सांगितलं, ‘सलग’ शब्द नीट लिही हो.

२ डिसेंबर

निर्णय लागला. किपुका आणि तिच्याभोवतीचा लाव्हा आराखड्यातून वगळायचा, रस्ता दक्षिणेकडून वळवायचा, वर जायची पायवाट कोणी अडवायची नाही. नोहेआने फोनवर वाचून दाखवलं, मग मी तिला पुन्हा वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा वाच म्हटलं आणि ती रडायला लागली. कंपनी वरच्या कोर्टात जाईल म्हणतात. जाऊ दे. मी मोकळीच आहे.

गवत अजून आहे, उंदीर आहेत. यादीत झाड अजूनही नाही. नोहेआचं खातं उंदरांचे सापळे देणार आहे. ते लावायला माणसं हवीत. मी चर्चच्या बायकांना सांगितलं, गोड पाव खूप झाले, आता सापळे लावा.

अब्नरने कुंपणाशी येऊन एक टोपलीभर कॉफीची रोपं ठेवली, मोडलेल्यांच्या बदली. मी त्याची माफी मागितली नाही. का मागू? तीन फांद्या मोडल्याच होत्या. त्यानेही मागितली नाही. म्हणाला, वेल्माने विचारलंय, तू येशील का. पण एक अट आहे.

अट ऐकून मी म्हटलं, जमेल. तो इतका हसला की त्याला कुंपण धरावं लागलं.

११ डिसेंबर

पहाटे गेले होते. वेल्मा, अब्नर आणि मी.

कुठे, काय केलं, काय आणलं, हे लिहायचं नाही. इथेसुद्धा नाही.

परतताना वळणावर फादर भेटले. “गुड मॉर्निंग, मिसेस नाहाले,” म्हणाले, हात वर करून, तोंडभर हसून. मी समोर बघत त्यांच्या बाजूने निघून गेले.

उद्या रविवार आहे. मिसाला काय ते बघेन.